धुण्याच्या दगडाखालचं आडनाव

पोलीस ॲक्शननंतर आम्ही पिशोर सोडून लष्कराच्या छावणीत आलो. रेशनच्या कारकुनानं विचारलं, "कुठनं आली?" म्या म्हणलं, "पिशोरहून." त्यानं पिशोरकर लिवलं. आमचं खरं आडनाव तिथंच मिटलं.

मालक गोऱ्यांच्या कबरस्तानात गवत कापायच्या नोकरीला होते. तिथला एक पडलेला दगड त्यांनी मला धुण्याला आणून दिला, अक्षरं खाली करून.

लई वर्सांनी एक म्हातारा गोरा आला. टोपी काखंत धरून तीन दिवस एकेक कबर वाचाया बघायचा, अन् दर कबरीला मान लववून पुढं जायचा.

त्याचा टांगेवाला म्हणला, "मावशी, साहेबाचं आडनाव हरवलंय."

म्या म्हणलं, "माझंबी हरवलंय. कुणी शोधतंय का?"

"हसू नको. ज्या गावावरनं त्याचं आडनाव पडलं, ते गाव दर्यानं गिळलं. आता ते आडनाव लावणारा ह्यो एकलाच. आजोबाचा दगड शोधतोय."

मला माझा धुण्याचा दगड आठवला. सांगावं तर मालकाची नोकरी जाणार. तरी सांगितलं.

दोघांनी दगड उलथला. गोऱ्यानं रुमालानं चिखल पुसला, अक्षरांवरनं बोट फिरवत आडनाव वाचलं. माझ्या जिभंला ते आलंच नाय. मग तो काहीतरी बोलला.

टांगेवाला म्हणला, "साहेब म्हणतो, बाकीचे दगड पावसानं पुसले. हा बाईच्या धुण्याखाली जपला. परत तसाच पालथा ठेवा."

आजबी त्याच्यावरच धुते. कपडा आपटताना हात तेवढा हळू पडतो.