चार नंबरचा खुनी, सात नंबरचा दूधवाला

आधीच सांगून ठेवते, हसायचं असेल तर खुशाल हसा, पण गोष्ट संपल्यावर. आणि त्या दिवशी जो काही घोळ झाला, तो माझ्या एकटीमुळे झाला हे मी अजूनही मान्य केलेलं नाही.

त्याचं असं झालं. गेल्या उन्हाळ्यात मी मुलाकडे, केदारकडे, ओहायोतल्या डब्लिनला गेले होते. नेमक्या त्याच वेळी माझ्या विहीणबाई त्यांच्या लेकीकडे आल्या. म्हणजे त्याच घरी! मुलगा माझा, लेक त्यांची, आणि स्वयंपाकघर एक. पुढचं मी सांगायला हवं का?

तशा सुनंदाताई माणूस म्हणून छान. नागपूरच्या. कोर्टात स्टेनो होत्या, अजून पर्समध्ये वही-पेन्सिल असते. पण महिनाभरात काय झालं, की पोळ्या त्यांच्या मऊ, लोणचं त्यांचं फर्मास. नात इरा गोष्टसुद्धा त्यांचीच मागायची. का? तर म्हणे, "नागपूर आजीज स्टोरीज हॅव टायगर्स!" माझ्या वाट्याला एकच प्रांत उरला होता, चित्रकला. सांगलीच्या शाळेत एकोणतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलंय मी. तिथे वाघ आला असता तरी मी हटले नसते.

एकदा जेवताना केदार म्हणाला, "आई, संडेला डाउनटाउनमध्ये एक गाइडेड वॉक आहे. बेन्वेनुतो चेल्लिनी म्हणून रेनेसाँमधला एक शिल्पकार. त्याच्या शिल्पांच्या नकला ठिकठिकाणी ठेवल्यात, त्या दाखवत त्याचं सगळं लाइफ सांगतात. तुम्हा दोघींचं रजिस्ट्रेशन करू?"

"कोण होता हो हा?" विहीणबाईंनी मला विचारलं.

खरं सांगते, हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण सुनेसमोर, विहिणीसमोर, स्वतःच्याच विषयात "माहीत नाही" म्हणू? मी?

"चेल्लिनी?" मी आमटी वाढून घेत म्हटलं, "अहो, ऋषितुल्य माणूस! निर्व्यसनी, साधी राहणी. मुंगीलासुद्धा दुखावलं नाही त्याने कधी."

म्हटलं, मोठा कलाकार म्हणजे असाच असणार. मुलांनाही मी वर्षानुवर्षं हेच सांगत आले होते, की मन निर्मळ असल्याशिवाय रेघ सरळ येत नाही!

रविवारी केदारने आम्हाला सोडलं. काउंटरवर प्रत्येकीला एक काळी डबी मिळाली, गळ्यात अडकवायची आणि तिची वायर कानात घालायची. गाइडबाई माइकमध्ये बोलणार, ते आपल्याला कानात ऐकू येणार. त्याच वेळी दुसरीही एक वॉक निघणार होती, गावाच्या कुण्या जुन्या महापौरावर. शिल्पकार चार नंबरवर, महापौर सात नंबरवर. डबीवरचं बटण फिरवलं की नंबर बदलतो. इतकं सोपं!

आमच्या गाइडचं नाव नॅन्सी. पांढरे केस, चालीने मात्र हरीण. विहीणबाईंच्या गुडघ्यामुळे आम्ही सगळ्यांत मागे. आमच्यासोबत वॉल्टर नावाचे एक उंच आजोबा होते. ऐकायला कमी येत असल्यामुळे हेडफोनचा आवाज त्यांनी पूर्ण वाढवून ठेवलेला.

पहिल्या थांब्यावर एका दाढीवाल्याचा अर्धपुतळा होता. कानात नॅन्सीबाई सांगू लागल्या, की हा फ्लॉरेन्सचा. वडिलांना वाटत होतं मुलगी होणार, झाला मुलगा. तरी वडील आनंदाने म्हणाले, येऊ दे, स्वागत आहे! म्हणून नाव बेन्वेनुतो. म्हणजे आपला स्वागत.

"बघा," मी विहीणबाईंना म्हटलं, "घराणंच सुसंस्कृत!"

आणि पुढच्याच मिनिटाला कानात आलं, की याने आपल्या भावाला मारणाऱ्या माणसाला गाठून खंजिराने संपवलं.

मी चमकले. ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून वायर नीट खोचली. तर पुढे, एका सोनाराशी भांडण झालं आणि त्यालाही भोसकलं!

शेजारी विहीणबाई डोळे मोठे करून वहीत भराभरा शॉर्टहँड उतरवत होत्या.

"ताई, याच्यात क्रॉस कनेक्शन लागलंय," मी म्हटलं. "हा आपला शिल्पकार नव्हे. हे त्या महापौराचं चाललंय. राजकारणातला माणूस, दुसरं काय करणार!"

"असं काय! पण छान चाललंय न," विहीणबाई म्हणाल्या.

"छान? अहो, खून आहेत!"

"कोर्टात बसून बसून मला सवय आहे न."

मी माझं बटण सातवर नेलं. आणि काय सांगू, कानात अमृत! तोही बाईचाच आवाज. अमेरिकन बायकांचे आवाज मला तरी सगळे सारखेच वाटतात. तर तो आवाज सांगत होता, की हा माणूस पहाटे चारला उठायचा. दारूला कधी शिवला नाही. शाळेतलं एकही मूल दुधावाचून राहू नये म्हणून स्वतः गाडी घेऊन दारोदार फिरायचा.

हा! हा माझा चेल्लिनी!

"सात लावा, सात!" मी विहीणबाईंच्या डबीला हात घातला. त्यांनी डबी पदराखाली लपवली.

"राहू द्या न! तो आता किल्ल्यातल्या तुरुंगात आहे. चादरी बांधून खाली उतरायला लागलाय."

त्या ऐकेनात. मग मी वॉल्टर आजोबांकडे वळले. म्हाताऱ्या माणसाने चुकीचं का ऐकावं? "एक्स्क्यूज मी, राँग चॅनल," म्हणत मी त्यांचं बटण सातवर आणलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, मग माझ्याकडे बघून अंगठा वर केला. डोळे पाणावले होते हो त्यांचे!

तिथून पुढे अर्धा तास आमची युद्धं. विहीणबाई म्हणायच्या, "पाय मोडला बिचाऱ्याचा, तटावरून पडला." मी म्हणायचे, "कुठला तट? तो नदीकाठी झाडं लावतोय." त्या वही दाखवायच्या, "हे बघा, बाई बोलली तस्सं लिहिलंय." मी म्हणायचे, "तुमचं महापौराचं लिहिलंय. चित्रकलेतलं मला शिकवू नका."

झालं, बोलून गेले. त्यांनी वही मिटली. पण मला मागे फिरायचंच नव्हतं.

शेवटचा थांबा बागेत. उंच चौथऱ्यावर ब्राँझचा तरणाबांड पुरुष, अंगावर कपडा नाही, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात बाईचं कापलेलं डोकं! आणि पायाखाली त्या बाईचं धड.

कानात आवाज आला, "पाहा त्याचा प्रेमळ चेहरा. डोक्यावर नेहमीची टोपी. हातात, तो रोज मुलांना वाटायचा तो दुधाचा कॅन. आणि पायाशी त्याची लाडकी गाय, डेझी."

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी उजेड पडायला हवा होता. का पडावा? टोपी होती की डोक्यावर! पंख होते तिला, पण टोपी होती. आता कॅनचं डोकं का झालं, याचा मी विचार केला. आधुनिक शैली असेल. आणि गाईची बाई? त्याचंही उत्तर मला सापडलं. आपण गाईला माता म्हणतो की नाही? त्यालाही तेच सुचलं असणार. वा! काय कल्पना!

"एनी क्वेश्चन्स?" नॅन्सीबाईंनी माइक बाजूला ठेवून विचारलं.

मी पुढे झाले. वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे वळली. मी खणखणीत इंग्रजीत म्हटलं, "मॅडम, मी आर्ट टीचर आहे. गाईला स्त्रीरूप देण्याची कल्पना फार हृदयस्पर्शी आहे. भारतातही आम्ही गाईला आईच मानतो. पण गाईचं मुंडकं का कापलं?"

सगळ्यांनी मूर्तीच्या पायाशी पाहिलं. एक खार तेवढी पळाली.

"मॅम," नॅन्सीबाई हळूच म्हणाल्या, "विच काऊ?"

"डेझी!"

त्या जवळ आल्या. त्यांनी माझी डबी हातात घेतली, नंबर पाहिला आणि ओठ घट्ट मिटले. हसू दाबायला माणूस मिटतो, तसे. "तुम्ही आमच्या दूधवाल्या महापौरांसोबत होतात," त्या म्हणाल्या. "त्यांचा पुतळा दोन गल्ल्या पलीकडे आहे. त्याच्या पायाशी खरंच गाय आहे."

सगळी बाग हसली. माझे कान तापले. पण शरण जाईन तर शपथ!

"म्हणजे हा माणूस खुनी होता?" मी विचारलं.

"हो. हे सगळं त्याने स्वतःच मोठ्या फुशारकीने सांगून ठेवलंय."

"मग ही मूर्ती त्याची नसणार! अशा माणसाच्या हातून असं काम होणं शक्य नाही."

नॅन्सीबाईंनी वाद घातला नाही. ग्रीक पुराणातल्या राक्षसिणीचं डोकं कापणाऱ्या वीराची हीच मूर्ती ओतायची होती, तेव्हाचं त्यांनी नुसतं सांगितलं. याला सणकून ताप. भट्टीतला धातू थिजायला लागला. कारागीर म्हणाले, संपलं सगळं. हा तापातच अंथरुणातून उठला, आणि घरातली होती नव्हती ती कथलाची ताटं-वाट्या उचलून भट्टीत टाकली. धातू पुन्हा वाहिला.

मी मूर्तीकडे वर पाहिलं. मानेची ती रेघ, हाताच्या त्या शिरा... एकोणतीस वर्षं मी मुलांना कसली निर्मळ मनं शिकवत होते?

"घरातली भांडी टाकली?" मागून विहीणबाई म्हणाल्या. "बायको घरात नव्हती काय?"

मला इतकं हसू फुटलं, की मी तिथेच त्यांचा हात धरला. "ताई, चुकलं माझं. मघाशी बोलले ते." हो, तेवढं चुकलं. बाकीचं नाही.

"सोडा हो," त्या म्हणाल्या. "पण गाय मस्त होती तुमची."

माणसं पांगली. केदारची वाट पाहत आम्ही फाटकाशी उभ्या होतो, तेवढ्यात बागेच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावरून वॉल्टर आजोबा उठून आले. सगळं संपेपर्यंत ते तिथेच बसले होते, वायर कानात, बटण सातवर. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं!

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही टीचर ना? मी ओळखलं," ते म्हणाले. "तुमच्यामुळे बरोबर चॅनल मिळालं. इतका मोठा इटालियन शिल्पकार, आणि आमच्या गावातल्या पोरांना घरोघर जाऊन दूध वाटायचा! आज घरी जाऊन नातवंडांना सांगतो."

विहीणबाईंनी मला कोपराने ढोसलं, "सांगा न त्यांना खरं."

मी नाही सांगितलं. अहो, कसं सांगणार? एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझा शब्द न् शब्द मन लावून ऐकणारा हा एकच विद्यार्थी मला मिळाला, आणि त्याला मी नेमकं चुकीचं शिकवून बसले होते.