शुक्रवारच्या टकरी

दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी चालत येतात. आमच्याकडे तर दर शुक्रवारी दोघे धरून आणायचे!

पन्नासचं दशक सरत आलं होतं. कुवेतमध्ये फिंतास गावाच्या पुढे एका तेल कंपनीचा कॅम्प होता. तिथल्या दवाखान्यात मी ड्रेसर, मलमपट्टी करणारा. शुक्रवारी सुट्टी, म्हणून ड्रिलिंगवरचे अमेरिकन वाळूत त्यांचा तो फुटबॉल खेळायचे, बॉल हातात धरून एकमेकांवर आदळायचे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी आणि मेसचे खानसामा हसनभाई, आपले दापोलीचे, पाण्याची बादली घेऊनच धावलो.

"अहो डॉक्टर, सोडवा त्यांना!" हसनभाई ओरडले.

डॉक्टर पिंटो खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "मारामारी नाही ती. मॅच आहे!"

*

हँक त्यांचा फोरमन. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, पण बोलायला मऊ. हसनभाईंना "माय फ्रेंड" म्हणायचा. एकदा मी त्याला विचारलं, "साहेब, डोकं पुढे करून का धडकता?"

"हेल्मेट आहे ना!"

हसनभाईंनी ते हेल्मेट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग मला मराठीत म्हणाले, "शहाळं आपटलं तर वरून काय दिसत नाय. पाणी आत डुचमळतंच!"

*

डोक्याला मार बसला की डॉक्टर विचारायचे, "आज वार कोणता?" एका शुक्रवारी हँक म्हणाला, "संडे." डॉक्टर त्याला बाहेर बसवायला निघाले, तर अख्खी टीम भांडायला उठली. "सुट्टीचा वार म्हणजे आमचा संडेच!"

हँक परत मैदानात.

*

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी प्रश्न बदलला. "स्कोअर काय?"

हँकने बरोब्बर सांगितला! डॉक्टर खूश. मला मात्र डॉक्टरांच्या पाठीमागे बोटांनी स्कोअर दाखवणारा टीमचा गडी दिसला होता. मी बोललो नाही. साहेबलोकांच्या खेळात ड्रेसरने कशाला पडायचं? ते न बोलणं आजही टोचतं.

त्या दिवशी हँक बॉल घेऊन भलत्याच दिशेला धावला. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

*

मग त्याचं डोकं दुखायला लागलं. एका सकाळी ॲस्पिरिन घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत मागायला आला.

"आत्ताच दिली की, साहेब."

"मला?" त्याने खिसा चाचपला. गोळी खिशातच होती.

आता मात्र मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, बोटांचंसुद्धा. त्यांनी त्याच दिवशी रिपोर्ट लिहिला: खेळ बंद, काम बंद, मायदेशी तपासणी.

हँक भडकला. "एक तरी हाड मोडलेलं दाखवा!"

"हाड असतं तर मीच जोडलं असतं," डॉक्टर म्हणाले.

*

जायच्या दिवशी हँक मेसमध्ये आला. सगळ्यांशी शेकहँड केला. हसनभाई कणीक मळत होते. त्यांनी हात पुसले, तसं हँकने त्यांना मिठीच मारली.

"गुडबाय, माय फ्रेंड. तुझ्या माशांची आठवण येईल."

तो बाहेर गेला. गाडीत सामान चढत होतं. पाच मिनिटांनी मेसचं दार उघडलं आणि हँक आत आला. हसतमुखाने पुन्हा एकेकाशी शेकहँड करत हसनभाईंपर्यंत पोचला.

"माय फ्रेंड, तुला न भेटता कसा जाईन? गुडबाय. तुझ्या माशांची आठवण येईल."

कोणी हसलं नाही. हसनभाईंनी कणकेतून हात काढले, नीट पुसले, आणि त्याला पुन्हा मिठी मारली.