वन्संची तेल पिणारी गाडी

...नाही, ते खोड. "आत्याआजी फार प्रेमळ होत्या" असं कशाला लिहितेस? होत्या काय, आहेत की आतल्या खोलीत, पाय पसरून रेडिओ ऐकतायत. आणि प्रेमळ म्हटलं की सगळ्याच म्हाताऱ्या एकसारख्या दिसायला लागतात. तू गाडीपासून लिही. गाडी आली की वन्सं येतातच.

तर वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. आयुष्यभर दवाखान्यात नर्स. निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांनी भाषणं केली, आता आराम करा म्हणाले. आठवडाभर केला आराम. आठव्या दिवशी बॅग घेऊन ह्या बाहेर. दवाखान्यानं घरी पाठवलेले, पण बरे न झालेले लोक असतात ना, अंथरुणाला खिळलेले, त्यांच्याकडे जायला लागल्या. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन, कुणाची लघवीची नळी बदलायची. घरं सगळी विखुरलेली, काही तर पार टेकडीपलीकडे. आणि ह्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बसची पायरी चढायची म्हणजे खालून एकानं ढकला, वरून एकानं ओढा. त्यामुळे गाडी हेच त्यांचे पाय.

गाडी म्हणशील तर करड्या रंगाची, चार दारांची, त्यातलं एक फक्त आतून उघडायचं. मीटरचे आकडे संपून पुन्हा शून्यावर आलेले, तेही दोनदा. पेट्रोल प्यायची तसं तेलही प्यायची. इंजिनातलं तेल गं. चांगल्या गाडीत ते आतल्या आत फिरत राहतं, हिच्यात जळून जायचं. सकाळी चालू केली की मागून भस्सकन निळा धूर. शेजारची शिंपीणबाई धाडकन खिडकी लावायची आणि ओरडायची, "सिस्टर, सुटली का आगगाडी?"

ह्या इकडून म्हणायच्या, "या की बसायला, जागा आहे!"

वन्संनी तिला गाडी कधी मानलंच नाही. पेशंट मानलं. रोज सकाळी चहाच्या आधी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडायच्या. आत एक लांब बारीक पट्टी असते, तिच्यावर दोन खुणा. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. ह्या पट्टी उपसायच्या, जुन्या बँडेजच्या तुकड्यानं पुसायच्या, पुन्हा बुडवायच्या आणि डोळे बारीक करून उजेडात धरायच्या. ताप बघावा तशी. आणि दाराच्या मागं खुंटीला दवाखान्यात पलंगाला अडकवतात तसलं कार्ड. तारीख काय, मीटर किती, तेल कुठपर्यंत, किती दिलं. "दिलं" म्हणायच्या हं, "ओतलं" नाही.

गुडघे सुजले की त्यांना वाकता यायचं नाही. मग तुझे आजोबा तेल द्यायचे, नाहीतर मी. त्यांचा नियम एकच. जो देईल त्यानं लगेच कार्डावर मांडायचं. मला कुठलं लिहिता येतंय, मी नुसती रेघ मारायची. अर्ध्या लिटरला एक रेघ. पट्टीवरच्या खुणा मला कधी समजल्या नाहीत, मी आपली कार्डावर बघायची. तारीख वन्सं आदल्या रात्रीच घालून ठेवायच्या; शेवटची ओळ रिकामी ना, मग आपण देऊ. तीन माणसं आणि एक पेशंट, पण कधी घोळ झाला नाही.

मग तो सरकारी कागद आला. एवढ्या वर्षांच्या वरच्या सगळ्या गाड्यांनी महिनाअखेरपर्यंत धुराची तपासणी करून घ्यायची. नापास झाली तर आणखी एकदा संधी. दुसऱ्यांदाही नापास, तर नंबर रद्द, गाडी भंगारात.

तुझा बाबा तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. अक्कल पाजळायची फार हौस. म्हणाला, "आत्या, बास आता. तिला निवृत्त करा."

"मलाही केलं होतं की रे," वन्सं म्हणाल्या. "गप्प बसले का मी?"

हसले सगळे. वन्सं मात्र हसल्या नाहीत. कारण टेकडीपलीकडे एक मास्तर होते. म्हातारे, कमरेखाली हलत नव्हते, आणि पडून पडून पाठीला तळहात मावेल एवढी जखम झालेली. दिवसाआड धुवून बांधायला लागायची. सून बिचारी चांगली, पण जखम बघितली की तिला घेरी यायची. वन्सं पोचल्या नाहीत तर ती जखम हाडापर्यंत जाणार, हे वन्संना ठाऊक होतं. आणि त्यांनी एकदा मला सोबत नेलं होतं, त्यामुळे मलाही.

तपासणीच्या दिवशी काय झालं ते नीट लिही.

वन्सं पहाटेच उठल्या. पट्टी बघितली, अर्धा लिटर दिलं. आणि खुंटीवरचं कार्ड काढून पर्समध्ये घातलं. का, तर तपासणाऱ्या साहेबाला दाखवायचं. एवढी निगा राखलेली गाडी आहे हे त्याला कळू दे म्हणून. आणि गेल्या आंघोळीला.

मग तुझे आजोबा आले. बघतात तर खुंटी रिकामी. त्यांना वाटलं, ताईच्या जिवाला आज घोर लागलाय, सगळंच विसरली असणार. चष्मा राहिला होता माडीवर, मग पट्टी कसली बघतायत? दिलं अर्धा लिटर. बोलले का कुणाला? नाही. ताईला कशाला उगीच त्रास.

मग मी. मलाही तेच वाटलं गं. डबा पायरीवरच होता, नरसाळं होतं. मीही दिलं अर्धा लिटर, आणि कार्ड नव्हतं म्हणून रेघ मनातच ठेवली.

आम्ही निघालो. मी मागच्या सीटवर. चढावर गाडी अशी धापा टाकायला लागली की वन्सं म्हणाल्या, "आज हिला काय झालंय?" मी म्हटलं, "घाबरली असेल."

तिथं मोठी रांग. साहेब म्हणजे एक तरणा मुलगा, तोंडाला फडकं बांधलेला. त्यानं मागच्या नळकांड्यात एक नळी घातली आणि म्हणाला, "बाई, ॲक्सिलरेटर दाबा."

बाईंनी दाबला. अगं काय सांगू! निळा ढग उठला. रांगेतली माणसं रुमाल शोधायला लागली, मागचा स्कूटरवाला तर स्कूटर वळवून चालताच झाला. तो मुलगा खोकत खोकत म्हणाला, "बाई, आत चूल पेटवलीय का?"

वन्संनी पर्समधून कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं वरपासून खालपर्यंत वाचलं, मन लावून वाचलं, खोटं नाही सांगत. म्हणाला, "कार्ड एक नंबर आहे हो. पण मशीन कार्ड वाचत नाही." आणि आठ दिवसांनंतरची तारीख लिहून दिली.

घरी आल्यावर वन्संनी इंजिन निवू दिलं, मग पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर.

"बाळ, इकडे ये," त्यांनी आजोबांना हाक मारली. साठीला आलेला माणूस तो, पण त्यांच्या लेखी बाळच. "सकाळी तेल दिलंस?"

"दिलं. तू विसरली असशील म्हणून."

"मी विसरीन? मी?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं?"

मी नुसतं एक बोट वर केलं.

मला वाटलं आता आमची धडगत नाही. पण त्या पायरीवर बसल्या आणि तोंडाला हात लावून रडायला लागल्या. दवाखान्यात एवढी मरणं बघितलेली बाई, कधी डोळ्यांत पाणी नाही. म्हणाल्या, "तुमची काय चूक. कार्ड मीच हलवलं. पेशंटचं कार्ड पलंगावरून हलवायचं नसतं हे पोरींना शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले." तुझे आजोबा गाडीभोवती उगीच फेऱ्या घालायला लागले, चाकांना लाथा मारून बघायला लागले. पुरुषांना रडणं बघवेनासं झालं की ते चाकं तपासतात.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात. ती तिथं होती तेवढे दिवस वन्सं मास्तरांकडे रिक्षानं गेल्या, खेपेला आठवड्याच्या भाजीचे पैसे मोजून. गॅरेजवाल्याला वन्सं डॉक्टर म्हणायच्या आणि तो ह्यांना सिस्टर. त्याचंही वय झालेलं, हात थरथरायचे. त्यानं आधी खालून जास्तीचं तेल काढलं. म्हणाला, "जादा तेल झालं की इंजिन ते घुसळतं आणि धूर ओकतं. पण सिस्टर, नुसतं तेवढंच नाही हे. मूळ दुखणं वेगळंय." मग रात्रभर गाडी तशीच ठेवून सकाळी चालू केली आणि मागं उभा राहून बघत राहिला. पहिल्यांदा भस्सकन निळा धूर, मग हळूहळू साफ. "बघा. दट्ट्याच्या रिंगा गेल्या असत्या तर कायम धूर आला असता. हे व्हॉल्व्हचे सील आहेत. वरची रबरं. कडक झालीत, त्यातून तेल ठिबकतं आत."

"म्हणजे इंजिन खोलायचं?" वन्संचा चेहरा पडला. दिवस उरले होते सहा.

"नाही खोलायचं. दोरी आहे का घरी? सुती, जाड, नवी?"

मी नुकतीच कपडे वाळत घालायला दोरी आणली होती. ती आणून दिली. आणि मग त्या माणसानं काय केलं, मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. प्लग काढला, त्या भोकातून दोरी आत सोडली, हातभर, दोन हात. टोक तेवढं बाहेर ठेवलं. मग इंजिन हातानं फिरवलं. आतला दट्ट्या वर आला आणि दोरीचा गोळा घट्ट दाबला गेला. त्या गोळ्यावर व्हॉल्व्ह टेकून राहतात, आत पडत नाहीत. मग वरून स्प्रिंग दाबायची, जुनं रबर काढायचं, नवं बसवायचं.

पण स्प्रिंग अडकवून ठेवणारी दोन बारीक अर्धी कडी असतात, तांदळाएवढी म्हण. ती त्याच्या थरथरत्या बोटांना बसवता येईनात. एक निसटून टण्णकन कुठं गेलं ते शोधण्यात अर्धा तास गेला. तो ओशाळला बिचारा. म्हणाला, "पाच वर्षांपूर्वी डोळे मिटून बसवली असती."

वन्संनी बॅग उघडली, जखमेतला कापूस काढायचा लांब चिमटा घेतला. "डॉक्टर, तुम्ही स्प्रिंग दाबून धरा. चिमटा माझ्याकडे."

दोघांनी मिळून आठ व्हॉल्व्ह केले. दोन दिवस लागले. तो म्हणायचा, "दाबलं." ह्या म्हणायच्या, "बसलं." मी चहा घेऊन गेले तर दोघांनी मिळून मला बाहेर काढलं.

जाताना तो म्हणाला, "आधी तासभर फिरवा, चांगली तापली की मगच उभी करा मशीनपुढे. आणि तेलाला त्या दिवशी कुणीही हात लावायचा नाही." हे शेवटचं आमच्याकडे बघून.

आठव्या दिवशी वन्सं एकट्याच गेल्या. आम्हाला नेलंच नाही, तेलाचा डबासुद्धा आपल्या खोलीत कुलपात ठेवून गेल्या. दहा वाजले, अकरा वाजले, जेवणं खोळंबली. तुझे आजोबा दारातून आत, आतून दारात. शिंपीणबाईसुद्धा हातातलं काम टाकून खिडकीत. मी मनात म्हटलं, संपलं, गाडी तिथंच ठेवून घेतली आणि बाई येतायत पायी.

दोन वाजता गाडी आली. ह्या शांतपणे उतरल्या, हात धुतले.

"अहो वन्सं, काय झालं?"

"कशाचं?"

"तपासणीचं!"

"हां, ते. पास झाली की, सकाळीच. अगं, मास्तरांकडे गेले होते तिथूनच. जखमेच्या कडा लाल झाल्यात. रक्त धरलंय. भरणार आता." आणि पान वाढायला सांगितलं.

मास्तरांची पाठ भरली. पुढं दोन वर्षं ते खुर्चीत बसून सुनेवर ओरडत होते. आणि गाडी त्यानंतर पाच वर्षं चालली वन्संच्या हातात. तेल प्यायची, पण बेतानं. मग डोळ्यांत मोतीबिंदू, एक ऑपरेशन बिघडलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून किल्ली काढून ठेवली. कुणाला सांगायला लागलं नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक नर्स होती, उंच, भरभर बोलणारी, डाव्या गालावर तीळ. तिला गाडी दिली, पेशंट दिले. दोन वर्षं तिनं इकडं काम केलं. मग नवऱ्याची बदली झाली आणि ती गाडी घेऊन गेली. पत्ता दिला होता, तो आम्हीच हरवला. तिकडंही ती घरोघरी जाते म्हणे.

आता शेवटचं, आणि हे जो कुणी वाचेल त्याच्यासाठी आहे, तेव्हा मोठ्या अक्षरात लिही. तसल्या जुन्या गाडीतून फिरणारी अशी नर्स तुमच्या ओळखीत असेल, तुमच्याकडच्या कुणा म्हाताऱ्याची जखम बांधायला येत असेल, तर तिला निरोप द्या. डॉक्टरनं गॅरेज बंद करताना त्या सीलचा एक अख्खा संच वन्संना आणून दिलाय. बाजारात आता मिळत नाहीत. पुडी बांधून कपाटात ठेवलीय. येऊन घेऊन जा म्हणावं. आणि फार दिवस लावू नको म्हणावं, रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं.