काळपट निघालेलं मांस

काल बाथरूम ब्लीचने धुताना त्या वासाने हॅमिल्टन शहराजवळचा कत्तलखाना आठवला. तिथे मी मांसाची प्रत तपासायचे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गुरांचं मांस नेहमी लालभडक असायचं, पण त्या खेपेला सगळं काळपट निघालं, मांड्यांवर मुक्या माराचे डाग. जनावर मरण्याआधी घाबरलं, धावलं की असं होतं. मी त्याला बोलावून शीतगृहात ते दाखवलं. "ट्रकमध्ये चढवताना कुत्रा अंगावर सोडला होतात का?" मी विचारलं. "हो," तो म्हणाला. "आधी माझी बायको बोलत बोलत पुढे चालायची आणि गुरं तिच्यामागे गुमान चढायची. मागच्या महिन्यात ती वारली. माझ्यामागे गुरं येत नाहीत." मी म्हटलं, "कुत्रा वापरू नका. आदल्या दिवशीच जवळच्या कुंपणात आणा, पाणी द्या, शांत होऊ द्या." "स्वीट अ‍ॅज," असं तिकडच्या बोलीत 'ठीक आहे' म्हणून तो टोपी घालून निघून गेला. मी फॉर्मवर 'चुकीची हाताळणी' असं कारण लिहिलं, सही केली आणि डबा खायला गेले. भाजी गार झाली होती, तशीच खाल्ली. त्याच्या बायकोबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते, हे काल ब्रश हातात असताना पहिल्यांदा लक्षात आलं.