आमच्याच चौकीच्या पत्त्यावरचं चलन

चोऱ्या-मारामाऱ्यांचे तपास कितीतरी विसरलो, पण एका साध्या चलनाची ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हायसं वाटतं.

तेव्हा मी चाकणच्या कारखाना पट्ट्यात वाहतूक शाखेचा निरीक्षक होतो. एका सकाळी कंपनीची स्टाफ व्हॅन चालवणाऱ्या एक बाई तावातावाने आत आल्या. त्यांच्या हातात उलट्या दिशेने गाडी चालवल्याचं चलन होतं. त्यांचं लायसन्स निलंबित करण्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर सहीला पडलेला. सही झाली की तीन महिने गाडी बंद, आणि ठेकेदार दुसरा ड्रायव्हर बसवायला टपलेलाच होता.

"साहेब, मी उलटी गाडी घातलीच न्हाई."

हे वाक्य मी रोज दहादा ऐकायचो. म्हटलं, "फोटोत नंबर तुमचाच आहे ना, ताई?"

"व्हय, माझाच हाय. पण पत्ता तरी वाचा! हितं तर तुमची चौकी हाय. चौकीत गाडी घुसवली का मी?"

चलन हातात घेऊन नीट वाचलं. ठिकाण आमच्याच चौकीचं, वेळ संध्याकाळी सहाची. कंपनीच्या गेटवर फोन लावला. त्या दिवशी सहाला व्हॅन आत उभी असल्याची रजिस्टरला नोंद होती.

चलन करणाऱ्या हवालदाराला बोलावलं. आधी "चलनाच्या मशीनचा घोळ असेल, सर" म्हणून त्याने वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. पोलिसाला पोलिसापुढे खोटं बोलणं जमत नाही. "फोटो कुठे काढला?" एवढंच मी विचारत राहिलो. शेवटी कबूल झाला. दिवसभर स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढायचे आणि ड्युटी संपताना चौकीत बसून ते मशीनमध्ये भरायचे. मशीन चौकीचाच पत्ता आणि तीच वेळ छापायचं. व्हॅन सकाळी नुसती रस्त्याकडेला उभी होती, तिचाही फोटो त्यात आला होता. घाईघाईत भलत्याच गाडीचा गुन्हा तिच्या नावावर चढला.

"अरे, असं करायला सांगितलं कोणी तुला?" मी कडाडलो.

त्याने मान खाली घातली. "तुम्हीच, सर. रस्त्यात वाद घालत बसू नका, संध्याकाळी भरा, असं रोलकॉलला म्हणाला होतात."

बाईंसमोर माझी पार शोभा झाली. चलन रद्द करण्याच्या अहवालात कारण म्हणून मी माझीच तोंडी सूचना लिहिली आणि प्रस्ताव निकाली काढला.

"मग काढू का गाडी? सेकंड शिफ्टच्या पोरी वाट बघत्यात," बाई म्हणाल्या.

"काढा, ताई. चुकलं आमचं."

सही व्हायच्या आत त्या आल्या, म्हणून सुटलो. जे आलेच नाहीत, त्यांच्या किती कागदांवर मी न वाचता सही केली, हे मात्र मला कधीच कळणार नाही.