गोरक्षमामांची पूर्ण जुळणी

सगळा घोळ महेशनं घातला. इंदिरानगरला राहणारा हा सरळ माणूस. चांगलं करायला निघाला की घरचे धास्तावायचे. त्याच्या सासूबाईंना, बयाबाईंना, रक्ताचा कॅन्सर झालेला आणि मूळपेशी तंतोतंत जुळल्या त्या नेमक्या गोरक्षमामांच्या, सख्ख्या भावाच्या. बापाच्या जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याचा कागद बयाबाईंनी करून दिला नाही, तेव्हापासून ही भावंडं फक्त निफाडच्या कोर्टात भेटत. महेशनं मामांना परस्पर फोनवर सांगून टाकलं, तुम्ही पेशी द्या, सासूबाई हक्कसोडीवर सही देतील. सासूबाईंना विचारायचं तेवढं राहिलं.

लासलगावला कांद्याची आडत चालवणारे मामा दुसऱ्या सकाळी हक्कसोडीचा कागद टाइप करूनच दवाखान्यात आले. बयाबाईंनी तो वाचला आणि उशीवरून मान न उचलता म्हणाल्या, "तुझं रक्त तुझ्यापाशी ठेव. मी माझ्या लेकाचं, दिनेशचं घेईन."

मामा तडक डॉक्टरबाईंकडे गेले. मागोमाग महेश, चेहरा लपवायला जागा शोधत. बाईंनी आधी कागदावरून दोघांना झापलं, पेशींचा सौदा होत नसतो म्हणाल्या. मग मामांनी ढिगातला कांदा दाबून बघावा तसा एकेक पर्याय उलटसुलट विचारला. दिनेश चालेल, पण मुलगा आईशी अर्धाच जुळतो. त्याच्या पेशी तिच्यावर उलटू नयेत म्हणून जास्त जपावं लागेल. परका दाता शोधण्यात वेळ जाईल आणि आजार काही थांबणार नाही. नाळेच्या रक्तात पेशी थोड्या, मोठ्या माणसाला बहुधा अपुऱ्या. मामांनी ते 'गोल्टी', म्हणजे बारका कांदा, म्हणून बाजूला सारलं. राहिला सख्खा भाऊ. बयाबाईंसाठी बाईंच्या मते तोच पहिला.

"पण सही मिळणार नाही, हे धरून सांगा, पेशी द्यायच्यात का?" बाई म्हणाल्या. "कुणी दबाव आणलाय का?"

मामांनी महेशकडे असं पाहिलं, की तो आपोआप दोन पावलं मागे सरकला.

"ह्या जावईबापूंचा दबाव? ती पेशी वाढवायची इंजेक्शनं कधीपासून घ्यायची ते बोला."

कागद त्यांनी चुरगाळून खिशात कोंबला. बयाबाईंच्या खोलीवरून जाताना मान वळवली नाही. महेशला मात्र वाटलं, भांडण मिटलं. जिन्यापाशी त्यानं मामांना गाठलं आणि भीतभीत विचारलं, मग आता केस मागे घेणार ना?

"कोर्टात समोर मला तीच उभी पायजे, तिची पोरं नाय."