टेकाडावरचा ‘व्हय म्हाराजा’

बहारीनमध्ये भुतं नाहीत, हे मी माझ्या सासऱ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

आबांनी खिडकीतून मनामाच्या नईम भागातल्या आमच्या गल्लीकडे, समोरच्या इमारतीच्या एसींच्या रांगेकडे पाहिलं आणि उसासा सोडला. “भुता तरी खंय ऱ्हवतली गो हयसर? एक वड नाय, एक डोंगर नाय.”

आबा देवगडकडचे. गावात कुणाकडे लग्न असो, बारसं असो, नवी विहीर असो, देवापुढे गाऱ्हाणं घालायला आबाच लागत. ते “बा देवा म्हाराजा!” अशी हाळी देऊन एकेक मागणं मांडणार आणि जमलेल्या मंडळींनी प्रत्येक मागण्यावर “व्हय म्हाराजा!” असं गर्जायचं. यात सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा असायचा. गेल्या वर्षी त्या गेल्या, आणि माझा नवरा दिगू आबांना इकडे घेऊन आला. गावातलं घर मोठं, आबा एकटे, गुडघे दुखरे. त्यांनी आमच्याजवळच राहावं, एवढीच आमची इच्छा होती. आबांची इच्छा परतीचं तिकीट ही होती.

“माका घराक धाड रे दिगू,” ते रोज जेवताना म्हणायचे. “हयसर माझ्या बोलण्याक व्हय म्हणूक कोण नाय.”

खोटं कशाला बोलू, नव्हतंच कुणी. संध्याकाळी दिव्यापुढे आबा गाऱ्हाणं घालायचे, तेव्हा दिगूच्या कानात हेडफोन असायचा आणि तो “ओके सर” म्हणायचा. मी कढईत झारा आपटत “बरं, बरं!” म्हणायचे. (मी साताऱ्याची. आमच्याकडे देवाशी एवढं सविस्तर बोलत नाहीत.) आणि आमची आठ वर्षांची सई, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच सुचतं, ती आज्जाच्या मांडीवर बसून खणखणीत आवाजात म्हणायची, “येस म्हाराजा!”

आबा हसायचे. पण हसून झालं की उठून पुन्हा खिडकीशी जाऊन बसायचे, आणि ते मला बघवायचं नाही.

म्हणून मी सहल काढली. मनामाच्या पश्चिमेला, अगदी समुद्राकाठी, एक टेकाड आहे. वर जुना किल्ला, भोवती मध्ययुगात नांदलेल्या गावाचे अवशेष. डोंगर म्हणण्याइतकं उंच ते नाही, पण या सपाट बेटावर हाच आमचा सह्याद्री! मी फोनवरची माहिती आबांना वाचून दाखवली. “आबा, त्या टेकाडाखाली गावं गाडली गेलीयत म्हणे. एका गावावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. आणि घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेले साप सापडलेत!”

आबा ताठ बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच!

“साप? मगे तो राखणदारच. जागेचो धनी.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “इतक्या वर्सात त्याका कोणी नारळ दिल्यानी?”

“नसेल दिला.”

“मगे तो उपाशी आसा,” आबा म्हणाले, आणि का कोण जाणे, एसी बंद असूनही माझ्या मानेवरून गार वारं गेलं.

झालं! सहल राहिली बाजूला आणि राखणदाराच्या जेवणाची तयारी सुरू झाली. नारळ होयो, अगरबत्ती होयी, विडी होयी, धूप होयो. आणि जमल्यास कोंबो.

“फ्रोजन चालेल का?” दिगूने विचारलं.

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच गाडीची किल्ली शोधायला लागला. दोघं बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, “जिंदा मफी, बाबा, मफी.” म्हणजे जिवंत कोंबडा नाही. आबा हळहळत घरी आले. “नाय तर नाय. पण माफी कित्या मागीत होतो बिचारो?”

कोंबड्याचा विषय तिथेच संपवला, बाकी सगळं गोळा केलं. जाण्याचा रस्ता गाडीने पंधरा मिनिटांचा, तयारी मात्र पंधरवडाभर! दिगूने मुहर्रकच्या एअरपोर्टवरची आपली शिफ्ट बदलून शुक्रवार मोकळा केला. आबांनी आम्हा तिघांची तालीम घेतली. “मी थांबलंय काय तुमी म्हणाचा.” माझं निम्म्या वेळा चुकायचंच.

शुक्रवारी सकाळी उठून पाहते तर बाहेर काही नव्हतं. म्हणजे अक्षरशः काही नव्हतं! समोरची इमारत नाही, मशिदीचा मिनार नाही, खाली लावलेली आमची गाडीसुद्धा नाही. थंडीतलं धुकं इथे कधी कधी पडतं, पण इतकं दाट मी पाहिलं नव्हतं.

“उद्या जाऊ,” मी म्हटलं.

“राखणदारान बोलावल्यान,” आबा म्हणाले, आणि चपला घालून दारात उभे राहिले.

दिगू गाडी मुंगीच्या पावलांनी चालवत होता. मागे डिकीत मात्र ठक्, ठक् असं काहीतरी वाजत होतं. प्रत्येक वळणावर ठक्! नारळच तो, मला माहीत होतं. पण सिग्नलला गाडी थांबली तरी एकदा ठक् झालं, आणि सईने माझा हात घट्ट धरला. (खरं तर मी तिचा धरला होता.)

टेकाडापाशी दिगू आम्हाला उतरवून गाडी लावायला गेला आणि दोन पावलांत दिसेनासा झाला. समुद्राचा आवाज येत होता, समुद्र दिसत नव्हता. खजुरीच्या झावळ्यांवरून पाणी टपटपत होतं. वर चढलो तसे धुक्यातून दगडी भिंतींचे तुकडे पुढे येऊ लागले. चौकटी होत्या, दारं नव्हती. उंबरे होते, घरं नव्हती. एका उंबऱ्याशी आबा थांबले आणि आपल्याच आळीतल्या कुणाला विचारावं तसं म्हणाले, “सगळी खंय गेली रे?”

मी सईला जवळ ओढलं.

गारठ्यामुळे मी पांढरी ओढणी डोक्यावरून गच्च गुंडाळली होती. हातात धुपाटणं, त्यातून भसाभसा धूर. अवशेषांना हात लावायचा नाही हे मी बजावलं होतं, म्हणून कडेच्या मोकळ्या मातीत पिशवीवर नारळ ठेवला, शेजारी विडी. आबांनी टोपी सारखी केली, हात जोडले. त्यांचा आवाज असा लागला की ते आमच्या फ्लॅटमधले आबाच वाटेनात.

“बा देवा म्हाराजा! ह्या टेकाडाच्या राखणदारा! आज आमी लेकरा तुझ्या दारात इलंव रे म्हाराजा!”

ते थांबले. आता मी म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

आणि खालून, जमिनीखालून आल्यासारखा, जाड पुरुषी आवाज आला.

“व्हय म्हाराजा!”

आबांनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत. त्यांचा चेहरा उजळला होता!

“आमका हयची भाषा येणा नाय, रीत ठावक नाय. काय चुकला-माकला तर सांभाळून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता एक नाही, चार-पाच आवाज! गावावर गाव, गावावर गाव, आणि सगळे उठून बसलेले!

सईने माझ्याकडे पाहिलं. “ममा, दे आर डुइंग इट राइट.”

यापुढचं मला सांगायला लाज वाटते. मी किंचाळले. नुसती किंचाळले असते तर एक वेळ ठीक, पण सासरे आणि पोटची पोर तिथेच टाकून मी धावत सुटले! हातात धुपाटणं तसंच, मागे धुराचा लोट, ओढणी फडफडतेय, तोंडाने “दिगूऽऽ! गाव उठलंय!” आणि धुक्यात उतार चुकून मी थेट समुद्राच्या बाजूला उतरले. तिथे खडकांवर पाच माणसं डोळे घट्ट मिटून, हात जोडून उभी होती. पायाशी गळ आणि मासळीची बादली. माझी किंकाळी ऐकून त्यांनी डोळे उघडले.

मग ते किंचाळले. एक जण पाण्यात पडला. एक जण बादली घेऊन पळाला. तिसऱ्याने हात जोडून विनवलं, “माझे आये, माका सोड! मी मालवणचो आसंय!”

“मालवणचे?” मी धापा टाकत विचारलं. “मग तुम्हीच ओरडत होता का हो?”

दिगू येईपर्यंत उलगडा झाला. मंडळी मुहर्रकच्या एका खोलीत राहणारी. दोन ड्रायव्हर, बाकीचे एसी मेकॅनिक. शुक्रवारी गळ टाकायला येतात. धुक्यातून गाऱ्हाणं कानावर आलं आणि तोंडं आपोआप उघडली!

“गाराणा ऐकल्यार गप कसा ऱ्हवाचा, वयनी?” पाण्यातून निथळत आलेला म्हणाला. “आमका वाटला, अरबांचो राखणदार मालवणीत बोलता! आणि मगे धूर सोडीत तुमी इलास...”

“हडळ!” मालवणचा म्हणाला आणि जीभ चावली.

वर गेलो तर आबा आणि सई तिथेच, वाट बघत. गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं म्हणे. ती पाच माणसं भोवती उभी राहिली आणि आबांनी ते पहिल्यापासून घातलं. “व्हय म्हाराजा”ने धुकं हललं असेल! आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. दिगू माझ्याशेजारी उभा राहून रडला. मीही रडले, धुराचं निमित्त करून.

तिकिटाचा विषय आबांनी परत काढला नाही. दिगूने त्यांच्या व्हिसाचं बघितलं. आता धुकं असो-नसो, शुक्रवारी सकाळी खाली त्या गळवाल्या मंडळींचा हॉर्न वाजतो, “यल्ला आबानू!” म्हणजे ‘चला आबा’ अशी हाक येते, आणि आम्ही सगळे टेकाडाकडे निघतो. मुहर्रकच्या खोल्याखोल्यांतून बातमी पसरल्यापासून मंडळी वाढतायत. त्यातले निम्मे गाऱ्हाण्याला येतात, निम्मे हडळ बघायला.

आबांनी त्यासाठी गाऱ्हाण्यात एक कलम वाढवलंय. “ह्या टेकाडावर पांढऱ्या ओढणीतली जी बाय धूर काढीत धावता, तिका शांत कर रे म्हाराजा!”

त्यावर सगळे पोट धरून “व्हय म्हाराजा!” ओरडतात, सई “येस म्हाराजा!” ओरडते, आणि सगळ्यांच्या वरताण आवाज माझा असतो. हडळ झाले म्हणून काय झालं, सासऱ्याच्या शब्दाला व्हय म्हणायला घरचं माणूस नको?